तेल सर्वेक्षणाचं जहाज येण्याआधी: मच्छीमार संस्थांनी कंपनीशी बोलणी कशी करावी

एका बैठकीतली गोष्ट आधी सांगतो. सभागृहात चहा आला, आणि चहाबरोबर एक कोरा कागद फिरायला लागला. त्यावर मथळा नव्हता, तारीख नव्हती. ‘हजेरी आहे, सही करा’ असं सांगितलं गेलं आणि आमच्या माणसांनी सह्या केल्या. दोन महिन्यांनी तोच कागद एका अहवालाला जोडलेला दिसला. आता वर ओळ होती, ‘मच्छीमार प्रतिनिधींशी सल्लामसलत पूर्ण’. त्या दिवशी मी संस्थेचा सचिव होतो. त्या कागदावर तिसरी सही माझी आहे.

पालघर ते रायगड पट्ट्यात समुद्रातल्या तेल-वायूच्या कामांवरून कंपन्या आणि मच्छीमारांच्या बैठका होतात आणि त्यातल्या बऱ्याच फुकट जातात. राग खरा असतो, नुकसानही खरं असतं. पण कागद नसतो, नकाशा नसतो आणि कामांचा क्रम उलटा असतो. लोक आधी भरपाईचा आकडा बोलतात, नंतर नुकसानीचा पुरावा शोधायला लागतात. म्हणून हा लेख क्रमानं लिहिला आहे. संस्थेचे संचालक, सचिव आणि तांडेल (बोटीवरचे प्रमुख) यांनी तो त्याच क्रमानं वापरावा. कंपनीच्या संपर्क अधिकाऱ्यांसाठीही शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

## १. काम नेमकं कोणतं आहे ते आधी ओळखा

‘ओएनजीसीचं काम’ किंवा ‘तेलवाल्यांचं काम’ एवढ्यावर थांबू नका. समुद्रात तीन वेगवेगळी कामं होतात आणि प्रत्येकाचा त्रास वेगळा असतो.

पहिलं काम सर्वेक्षणाचं. जहाज मागे एअरगन आणि लांबलचक केबली ओढत सरळ रेषेत फिरतं. एअरगनच्या दाबाचा आवाज तळाखालच्या खडकांच्या थरांपर्यंत जातो, परत येतो आणि केबलीतली यंत्रं तो टिपतात. हे जहाज रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे चालतं. त्रास मोठ्या क्षेत्रावर होतो, पण ठरावीक काळापुरता.

दुसरं काम शोध-विहिरीचं. रिग, म्हणजे विहीर खोदणारा मनोरा, एका जागी उभी राहते, काही आठवडे किंवा महिने. क्षेत्र लहान असतं, पण पुरवठा बोटींची ये-जा सतत चालू राहते.

तिसरं काम प्लॅटफॉर्म आणि पाइपलाइनचं. हे वर्षानुवर्षं राहतं. मुंबई हायमध्ये १९७६ पासून उत्पादन सुरू आहे. तिथल्या आणि हिरा, नीलम, पन्ना, मुक्ता, वसई या क्षेत्रांतल्या प्लॅटफॉर्मना आपल्या बोटी रोज वळसा घालतात.

हा फरक कायद्यासाठीही लागतो. समुद्रातले तेल-वायूचे परवाने केंद्र सरकार देतं, राज्य नाही. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत आहे. त्यामुळे ‘आमच्या सहायक आयुक्तांनी परवानगी दिलीच कशी?’ हा प्रश्न चुकीच्या टेबलावर जातो. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं पर्यावरण मंजुरीची अधिसूचना बदलली आणि शोधकामाला ‘बी-२’ गटात टाकलं. या गटाला जनसुनावणी लागत नाही.

सावधान: ‘जनसुनावणी लागेल तेव्हा बघू’ असं म्हणत थांबलेल्या संस्थांची जनसुनावणी आलीच नाही. सर्वेक्षणाच्या बाबतीत कंपनीशी होणारी पत्रं आणि बैठका हीच तुमची एकमेव संधी असू शकते. उत्पादनाच्या कामातही सुनावणी होईलच असं धरून चालू नका. ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर प्रकल्पाचे कार्यकक्षेचे कागद (पर्यावरण अभ्यासात काय काय करायचं ते ठरवणारे) असतात, त्यात सुनावणीबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा.

## २. आपला नकाशा कंपनीच्या नकाशाआधी काढा

बैठकीत कंपनी पडद्यावर नकाशा दाखवते. त्यावर निळा समुद्र असतो आणि एक लाल चौकोन. त्या निळ्या रंगात तुमची एकही कव, म्हणजे मासेमारीची ठरलेली जागा, दिसत नाही. ती नसते म्हणून दिसत नाही असं नाही, तुम्ही ती कधी कोणाला कागदावर दिलेलीच नसते. सगळ्या प्रक्रियेत ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे थोडा जास्त वेळ घेतो.

दहा-बारा अनुभवी तांडेल एकत्र बसवा. सगळे एकाच प्रकारच्या मासेमारीचे नकोत. डोलवाला, दालदीवाला, ट्रॉलरवाला, हूकवाला, प्रत्येकी दोन-तीन हवेत. नौदलाच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा (नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस) त्या भागाचा छापील नकाशा मिळवा, त्यावर पारदर्शक कागद ठेवा आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा रंग द्या. नोंद करताना चार गोष्टी विचारा:

- जागा: जीपीएसवरचे चार कोपरे
- खोली: वावात सांगू देत, तुम्ही मीटरमध्ये लिहा. एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर, म्हणजे २० वावांचं पाणी सुमारे ३६ मीटर
- महिना: ऑगस्ट ते मे यातले कोणते, आणि कोणती मासळी
- भरती: उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या जोराच्या ओढीत) जाळं लागतं की भांगेला (अष्टमीच्या आसपासच्या मंद ओढीत)

ही शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात, पण पुढे वाटाघाटीत तीच हुकमाचं पान ठरते. कशी, ते सहाव्या पायरीत सांगतो.

डोलीची गोष्ट वेगळी काढून लिहा. दालदीचं जाळं पाण्याबरोबर वाहतं, वेळेवर कळलं तर उचलता येतं. डोल खुंटांना बांधलेली असते आणि खुंट तळात ठोकलेले असतात. कंपनीचा माणूस ‘जाळी तात्पुरती काढून घ्या’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वाहतं जाळं असतं. खुंट उपटायला आणि पुन्हा ठोकायला किती दिवस, किती माणसं, किती डिझेल लागतं हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं. ते तुमच्या नकाशाखाली तीन ओळींत लिहा.

तांडेल आपली खास जागा सांगायला कचरतात, आणि त्यांचं बरोबर आहे. पापलेटची जागा जाहीर झाली की दुसऱ्या बंदराच्या बोटी तिथे येतात. म्हणून एकेक ठिकाण दाखवू नका. दोन मैल बाय दोन मैलांचे चौकोन करा आणि चौकोन रंगवा. मूळ नोंदवही संस्थेच्या कपाटात राहू द्या.

आकड्यांची सगळ्यात महागडी चूक. अक्षांश-रेखांश लिहायच्या तीन पद्धती आहेत आणि आपण त्या एकमेकांत मिसळतो. कंपनीच्या पत्रात १९ अंश ४३ मिनिटं ३० सेकंद असं असतं. आपल्या बोटीवरचा जीपीएस बहुतेक वेळा मिनिटांचा दशांश दाखवतो. तिथे तेच ठिकाण १९ अंश ४३.५० मिनिटं असं टाकावं लागतं. तांडेलानं घाईत ४३.३० टाकलं तर तो ०.२ मिनिटं चुकला, म्हणजे सुमारे ३७० मीटर. बंदी असलेल्या क्षेत्राच्या आत की बाहेर, हे एवढ्यावर ठरू शकतं.

अंशांचा दशांश असेल तर गोंधळ आणखी मोठा. कागदावर १९.४३ अंश लिहिलं आहे आणि तुम्ही १९ अंश ४३ मिनिटं वाचलंत, तर खरं ठिकाण १९ अंश २५.८ मिनिटांवर आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. इथे तुम्ही १७ मैल, म्हणजे जवळजवळ ३२ किलोमीटर चुकलात. सातपाटीसमोरची हरकत वसईसमोर जाऊन बसते.

तपासणी: नकाशा पूर्ण झाल्यावर त्यावरचे कोणतेही दोन बिंदू बोटीवरच्या जीपीएसमध्ये टाकून बघा. तांडेलानं ‘हो, इथेच’ म्हटलं तरच पुढे जा.

## ३. नोंदवही आजपासून

भरपाईच्या चर्चेत कंपनीचा पहिला प्रश्न असतो, ‘सर्वेक्षण नसतं तर तुम्हाला किती मासळी मिळाली असती?’ याचं उत्तर ‘खूप’ असं देऊन भागत नाही. मागच्या किमान दोन-तीन हंगामांच्या नोंदी लागतात, आणि त्या जहाज दिसल्यावर तयार होत नाहीत.

प्रत्येक बोटीसाठी प्रत्येक फेरीला एक ओळ पुरते: निघाल्याची आणि परतल्याची तारीख, खलाशी किती, डिझेल किती, बर्फ किती, कोणती मासळी किती किलो, भाव काय. पुरावा म्हणून विक्रीची पट्टी, संस्थेची डिझेलची पावती आणि समुद्रात जाण्याचं टोकन एकत्र टाचून ठेवा. तीन कागद एकाच तारखेचे असले की त्या फेरीबद्दल कोणी वाद घालू शकत नाही.

किनाऱ्याचीही नोंद ठेवा. पावसाळ्यात वाळूवर डांबराचे गोळे येतात ते आपण सगळेच बघतो. तारीख आणि जागा कळेल असा फोटो दरवर्षी काढून ठेवा. पुढे तेलगळतीचा संशय आला तर ‘हे नेहमीचंच आहे’ आणि ‘हे या वेळी जास्त आहे’ यातला फरक दाखवता आला पाहिजे.

बोटींची कागदपत्रं याच वेळी तपासा. नोंदणी, मासेमारी परवाना, विमा, यातलं काही संपलेलं असेल तर आधी नवं करा. नुकसान खरं असूनही परवान्याची मुदत गेलेली होती म्हणून दावा बाजूला ठेवला गेला, असं एका शेजारच्या नाखव्याच्या (बोटमालकाच्या) बाबतीत मी स्वतः पाहिलं आहे. त्याचं अख्खं जाळं गेलं होतं.

## ४. कोण बोलणार ते ठरावानं ठरवा

संस्थेची सभा बोलवा, ठराव करा, पाच ते सात जणांची समिती नेमा. ठरावात स्पष्ट लिहा की समिती माहिती घेईल आणि चर्चा करेल, पण कोणतीही संमती किंवा भरपाईची रक्कम सभेपुढे आल्याशिवाय अंतिम होणार नाही. ही ओळ नसेल तर समितीतल्या एकाची सही म्हणजे गावाची सही ठरते.

समितीत कोण हवं? फक्त बोटमालक घेऊ नका. खलाशांचा एक माणूस घ्या. आपल्याकडे बरेच खलाशी डहाणू, तलासरी, जव्हारच्या पाड्यांवरून येतात, बोट बंद राहिली की आधी त्यांची चूल थंडावते. मासळी विकणाऱ्या आणि बोंबील सुकवणाऱ्या बायांपैकी किमान दोघी घ्या. त्यांच्या नावावर बोट नसते म्हणून त्या भरपाईच्या यादीत येत नाहीत, आणि बैठकीत नसतात म्हणून त्यांचं नाव कोणी काढतही नाही.

शेजारच्या बंदरांशी आधी बोला. कवींवरून आपल्यात जुने वाद आहेत, हे कंपन्यांनाही माहीत आहे. एका गावाला वेगळं बोलावून वेगळं ठरवलं की दुसऱ्याची बाजू लंगडी होते. कवींचा वाद मिटवून मगच एकत्र या असं मी म्हणत नाही, तो तसा मिटणारही नाही. पण ‘या सर्वेक्षणापुरतं पत्र एकत्र जाईल’ एवढं ठरवता येतं.

## ५. पहिलं पत्र माहिती मागणारं

पहिल्या पत्रात विरोध, इशारा, आंदोलन काहीही लिहू नका. तो हक्क तुमच्याकडेच राहतो, तो पुढेही वापरता येईल. पहिल्या पत्रानं फक्त माहिती मागायची. पत्र कंपनीला, आणि प्रती जिल्हाधिकारी, मत्स्यव्यवसाय विभागाचे सहायक आयुक्त, हायड्रोकार्बन महासंचालनालय (तेल-वायूच्या शोधकामावर देखरेख करणारं केंद्राचं कार्यालय) आणि तटरक्षक दल यांना. पोच घ्या.

मागायची माहिती:

1. क्षेत्राचे सगळे कोपरे, अंश आणि दशांश मिनिटांत
2. रेषांची दिशा आणि अंदाजे क्रम, कोणता भाग कोणत्या पंधरवड्यात
3. जहाजाचं नाव, केबलींची संख्या, लांबी आणि पाण्यातली खोली
4. सोबतच्या रक्षक बोटी किती, कोणाच्या
5. राहिलेल्या रेषा पुन्हा मारायला जहाज परत येणार का, आणि कधी
6. जाळं तुटल्यास कोणाशी संपर्क करायचा, निर्णय कोण घेणार, किती दिवसांत
7. जहाजावरून मराठी किंवा हिंदी बोलणारा माणूस चोवीस तास वायरलेसवर असेल का

पाचवा मुद्दा सोडू नका. काम संपलं असं समजून डोलवाले पुन्हा खुंट ठोकतात आणि आठवड्यानं जहाज सुटलेले तुकडे भरायला परत येतं. जास्त नुकसान मी या दुसऱ्या खेपेत झालेलं पाहिलं आहे.

उत्तर आलं नाही आणि कंपनी सरकारी असेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांची मुदत असते. कंपनी खासगी असेल तर तोच अर्ज महासंचालनालयाकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे करा, त्यांच्या फायलीत काय आलं आहे ते मागा.

## ६. बैठक

वेळ. उधाणाच्या दिवसांत बैठक मान्य करू नका, डोलवाले समुद्रात असतात. भांगेचे दिवस द्या. जागा बंदराच्या गावात, जिल्ह्याच्या ठिकाणच्या हॉटेलात नको.

कागद. विषयपत्रिका आणि नकाशा मराठीत, किमान आठवडाभर आधी हातात. हजेरीपत्रकावर सही करण्याआधी वर स्वतःच्या हातानं लिहा: ‘फक्त उपस्थितीची नोंद. ही सही म्हणजे संमती नव्हे.’ खाली तारीख टाका. दोन मिनिटांचं काम आहे. एवढं केलं असतं तर माझी ती सही आज मला बोचली नसती.

क्रम. आधी कंपनीनं काम सांगायचं, मग तुमचा नकाशा त्यांच्या नकाशावर ठेवायचा, मग कुठे आणि कधी टक्कर होते ते एकत्र बघायचं, मग ती टाळायचे उपाय, आणि भरपाई सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू देऊ नका. कोणी सुरुवातीलाच ‘बोटीमागे किती देणार?’ असं विचारलं तर सभागृहाचं लक्ष तिथेच अडकतं. मग जी टक्कर एका तारखेच्या बदलानं टळली असती ती तशीच राहते.

भरतीची नोंद कामाला येते ती इथे. जोराच्या ओढीत जहाजामागच्या लांब केबली बाजूला वाहवतात आणि त्यांचं मोजमाप बिघडतं. म्हणजे कवींच्या जवळच्या रेषा भांगेला मारणं जहाजालाही सोयीचं असतं. डोलीचा धंदा उधाणाचा, भांगेला तो मंद. दोघांचा फायदा एकाच दिवसांत आहे. ‘सर्वेक्षण बंद करा’ यापेक्षा ‘या बारा चौकोनांतल्या रेषा फक्त भांगेच्या दिवसांत, बाकी दिवस जहाज बाहेरच्या भागात’ ही मागणी मान्य होण्याची शक्यता किती तरी जास्त आहे. पण ती करायला चौकोन आणि तिथी हातात हव्यात.

सर्वेक्षण पावसाळी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलैमध्ये उरका, अशी मागणी प्रत्येक बैठकीत होते. त्या लाटांत केबली ओढता येत नाहीत, म्हणून ती लगेच फेटाळली जाते आणि बैठकीचा तास वाया जातो. त्याऐवजी बंदी उठल्यानंतरचे पहिले आठवडे आणि तुमच्या भागातला पापलेटचा मोसम वगळायला सांगा, महिन्यांच्या नोंदी पुढे ठेवून.

मासळी पळते का, हा वाद हमखास निघतो. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. एअरगन चालू असताना कॉड आणि हॅडॉक या माशांची ट्रॉलची पकड साधारण निम्म्यावर आली, आणि काम थांबल्यावर पाच दिवसांतही ती पूर्ववत झाली नव्हती. हा दाखला जरूर द्या, पण ‘म्हणून आमची पकड निम्मी होणार’ असं म्हणू नका. कॉड म्हणजे बोंबील नव्हे आणि तिथलं खोल पाणी म्हणजे आपलं गढूळ उथळ पाणी नव्हे. त्यावरून मागायचं ते हे: आपल्याच काही बोटींच्या पकडीची नोंद सर्वेक्षणाआधी, चालू असताना आणि नंतर ठेवा, एखाद्या मत्स्य संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली, कंपनीच्या खर्चानं.

तपासणी: इतिवृत्त त्याच दिवशी, त्याच सभागृहात, मराठीत वाचून दाखवलं गेलं का? नसेल तर तुमचं इतिवृत्त तुम्ही लिहा आणि दुसऱ्या दिवशी पोच घेऊन कंपनीला पाठवा. ‘सात दिवसांत दुरुस्ती न कळवल्यास हे मान्य समजू’ अशी ओळ घाला.

## ७. लेखी अटी

आगाऊ सूचना. किती दिवस आधी? माझा साधा नियम आहे: तुमच्या बंदरातल्या सगळ्यात लांब फेरीपेक्षा सूचना मोठी हवी. बोट आठ दिवसांसाठी गेली असेल तर चौथ्या दिवशी गटावर टाकलेला संदेश तांडेलापर्यंत पोचत नाही, तिथे फोनला रेंज नसते. म्हणून किमान दहा-बारा दिवस आधी पंधरवड्याचा आराखडा, आणि रोज ठरलेल्या वेळी वायरलेसवर पुढच्या २४ तासांच्या रेषा. डोलीच्या भागासाठी खुंट काढायला लागतील तेवढे आठवडे.

जहाजावर आपला माणूस. नॉर्वेत सर्वेक्षण जहाजावर मासेमारी जाणणारी व्यक्ती असणं बंधनकारक आहे. आपणही मागू शकतो: एक अनुभवी तांडेल जहाजावर आणि प्रत्येक रक्षक बोटीवर एकेक. जाळ्याच्या बोयावरून (तरंगत्या खुणेवरून) ते डोलीचं की दालदीचं, किती लांब पसरलंय, हे त्याला दुरूनच ओळखता येतं.

रक्षक बोटींचं भाडं. कंपनी स्थानिक बोटी भाड्यानं घेते, ते चांगलंच आहे. पण समितीतल्या लोकांच्याच बोटी लागल्या तर समितीवरचा विश्वास त्याच दिवशी जातो. सोडत काढा, समितीच्या सदस्यांनी नाव देऊ नये.

भरपाई. दोन प्रकार वेगळे ठेवा. एक तुटलेल्या जाळ्याची, दुसरी बुडालेल्या फेरीची. फेरीचा हिशोब प्रामाणिक करा. समजा तुमच्या नोंदींप्रमाणे फेरीची सरासरी विक्री १,२०,००० रुपये आहे आणि बोट बंद राहिल्यानं डिझेल, बर्फ, रेशनचे ४५,००० वाचले, तर नुकसान ७५,००० रुपये आहे. दावा ७५,००० चा करा. खलाशांचा हंगामाचा पगार वाचत नाही, तो वजा करू नका. फुगवलेला एक दावा पकडला गेला की पुढच्या पन्नास खऱ्या दाव्यांकडे संशयानं बघितलं जातं. खलाशांचा वाटा आणि सुकवणाऱ्या बायांचे बुडालेले दिवस या दोन ओळी करारात स्वतंत्र हव्यात, नाहीतर रक्कम मालकाच्या खात्यावर येऊन तिथेच थांबते.

## ८. जहाज आल्यावर

हे तांडेलांना वाचून दाखवा.

सर्वेक्षण जहाज ताशी चार-पाच सागरी मैलांनी चालतं, पण ते थांबू शकत नाही आणि पटकन वळूही शकत नाही. दिवसा त्यावर एकाखाली एक तीन काळ्या खुणा असतात: गोळा, हिऱ्याचा आकार, गोळा. रात्री तांबडा, पांढरा, तांबडा असे तीन दिवे. या खुणा दिसल्या की बाजूला तुम्हालाच व्हायचं आहे.

जहाज गेलं म्हणजे धोका गेला नाही. केबल सहा किलोमीटर असेल आणि वेग साडेचार मैल, तर शेवटचा बोया तुमच्यासमोरून जायला जवळपास पाऊण तास लागतो. जहाजाच्या मागून आडवं जाणं ही सगळ्यात धोक्याची चूक. शेवटच्या बोयावर लुकलुकता दिवा असतो, तो गेल्यावरच ओलांडा.

रिग आणि प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं. खांबांभोवती मासळी जमते म्हणून बोटी आत जातात. आत जाळं गेलं तर भरपाई विसरा, कारवाई तुमच्यावर होईल. आणि तिथे ज्वलनशील वायू आहे, बोटीवर तुमची शेगडी पेटलेली असते.

जाळं केबलीला अडकलंच तर:

1. आधी माणसं सांभाळा. ताण आल्यास दोर कापा, इंजिनानं ओढू नका
2. वायरलेसच्या चॅनल १६ वर जहाजाला आणि रक्षक बोटीला कळवा, बोटीचं नाव आणि जागा सांगा. जिवाला धोका असेल तर तटरक्षक दलाचा १५५४
3. जीपीएसचा पडदा तारीख-वेळेसह मोबाइलवर टिपा, जहाज दिसेल असा दुसरा फोटो घ्या
4. उरलेलं जाळं फेकू नका, ओलं असलं तरी आणा. कापलेली टोकं हाच पुरावा
5. आसपासच्या दोन बोटींची नावं लिहा

सावधान: परतल्यावर आधी संस्थेत या आणि लेखी नोंद करा. आधी बाजारात, मग घरी, मग दोन दिवसांनी संस्थेत, तोवर वेळ आणि जागा यात फरक पडलेला असतो, आणि जहाजाच्या नोंदीत प्रत्येक मिनिट लिहिलेलं असतं. तुमची वेळ त्यांच्या वेळेशी जुळली पाहिजे.

## ९. कंपनीच्या माणसांसाठी थोडं

तुमच्यातले बरेच जण मनापासून काम करतात, हे मी पाहिलं आहे. तरी तीन चुका वारंवार होतात. परवानगी, जहाज, तारीख सगळं पक्कं झाल्यावर तुम्ही गावात येता. तेव्हा बदलण्यासारखं काहीच उरलेलं नसतं, मग ती सल्लामसलत नसून सूचना असते. जहाज ठरवण्याआधी या. दुसरं, वर्तमानपत्रातली इंग्रजी जाहिरात आणि समुद्रयात्रींसाठीची सूचना तांडेल वाचत नाही. बंदराच्या जेट्टीवर, बर्फ कारखान्यात आणि डिझेल पंपावर मराठीत मोठा नकाशा लावा. तिसरं, दर वेळी नवा अधिकारी येतो आणि गावाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. एकच माणूस, एकच फोन नंबर, काम संपल्यावरही किमान एक हंगाम चालू ठेवा. दावे तेव्हाच येतात.

## १०. जहाज गेल्यानंतर

कंपनीकडून काम संपल्याचं लेखी पत्र घ्या. त्यात ‘पुन्हा येणार नाही’ किंवा ‘या तारखांना येणार’ यापैकी एक स्पष्ट हवं. ते पत्र येईपर्यंत डोलवाल्यांनी खुंट ठोकू नयेत.

तळावर काही सोडलं आहे का विचारा: नांगर, केबलीचे तुकडे, विहिरीचं तोंड. ट्रॉलचं जाळं अशा एका तुकड्यात अडकलं की संपलं. जे काढता येत नाही त्याचे आकडे मागा. पर्यावरण मंजुरी असलेल्या प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मिळवा आणि मच्छीमारांबद्दलच्या अटींपुढे काय लिहिलं आहे ते वाचा. ‘पालन केले’ लिहिलं असेल आणि तसं झालेलं नसेल, तर तुमचं इतिवृत्त जोडून मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवा.

मग नारळी पौर्णिमेआधी, बोटी पाण्यात उतरायच्या आधी, एक संध्याकाळ काढा. नवे आकडे मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा, अंश आणि दशांश मिनिटांत. प्रत्येक तांडेलाला जीपीएस घेऊन बोलवा आणि त्याच्याकडून ते बिंदू तिथेच, तुमच्यासमोर भरून घ्या. एकेक बिंदू मोठ्यानं वाचायला लावा.